बुधामायचं लुगडं

आमचं गाव आसगावच्या पलीकडं, तलावाच्या पाळीखाली, नाव नाई सांगत, गावाचा काय दोष, दोष माहा आहे. बापाची थोडी धानाची बांधी, माय मी रांगत होतो तवाच गेली, अन् मले खरं सांभाळलं ते बुधामायनं. बुधामाय म्हंजे गोंडटोल्यावरची, गावाले लागूनच गोंडायची वस्ती आहे ना, तिथली. आमच्या बांधीत रोवन्याले येत जाय, अन् रोवना झाला का मले कडेवर मारून आपल्या घरी नेत जाय. काय सांगू तुमाले, तिचं आंगन असं सारवलेलं राहे का सांडलेला भात उचलून खावा. घरात सारे गोंडी बोलत. पान्याले ते येर म्हनतात. तहान लागली का मी येर येर करत तिच्या मांगं धावो, अन् टोल्यावरच्या बाया हासत, म्हनत हे पोट्टं आपलंच होय.

मंग मोठा झालो, लगन झालं, अन् दंडारीचा नाद लागला. दिवाळी झाली का आमच्याकडं गावोगावी मंडई भरते, भर दुपारी, चौकात मिठाईची दुकानं, पाळने, अन् मधात दंडार, गानं, नाचनं, सोंगं. मी सोंगाड्या. लोकं हासले का मले भूक लागत नसे जी. बायको म्हने, तुमाले भात नाई, हासू वाढाले पाहिजे. खरंच होतं तिचं.

एक साली दंडारीचे मंडळवाले म्हने, कवडू, यंदा काई नवं काढ. मी म्हटलं, गोंडीन काढतो. सारे हासले, आधीच हासले. मी टोल्यावर गेलो, बुधामायले म्हटलं, माय, तुहं एक लुगडं दे, दंडारीत मी तुह्यासारखी बाई होऊन राहिलो. ती म्हने, आमची बाई? दंडारीत? तिले खरं नाई वाटलं. मंग पेटीतून लाल काठाचं लुगडं काढलं, लेकीच्या लग्नात नेसली होती ते, अन् स्वतः मले नेसवून दाखवलं, गुडघ्यापर्यंत कसं घ्याचं, पदर कंबरेत कसा खोचाचा. म्हने, सैल ठेवू नोको बापू, आमाले रानात चालाचं राहते.

मंडईच्या दिवशी मी तव्याची काजळी तेलात कालवून तोंडाले फासली, हाताले फासली. बुधामाय गहूवर्नी होती जी, माह्यापरीस उजळ. मंग काजळी काहून फासली? लोकायले गोंडीन तशीच पाहिजे होती म्हनून. कंबरेले पळसाची पानं बांधली, जे टोल्यावर कोनी कधी बांधलेलं मी पाहिलं नाई. हातात मोहाच्या दारूची शिशी घेतली अन् झोकांड्या खात मधात आलो. अन् पाहतो तं पुढच्या ओळीत टोल्यावरच्या साऱ्या बाया, डोक्याले तेल लावून, मधात बुधामाय. तिनंच बलावून आनल्या होत्या. मी थांबलो का? नाई थांबलो. लोकं हासून राहिले होते ना.

आता सोंगात मले पानी मागाचं होतं. मले शब्द माहीत, लहानपनापासून माहीत. पन येर म्हटलं तं कोन हासन? मी तोंड वाकडं केलं अन् म्हटलं हुचुक, हुचुक. लोकं लोळले. अन् बुधामाय खालून हळूच म्हने, येर बापू, येर. तिले वाटलं मी विसरलो. सोंगात पोरगं अडकलं म्हनून ती मले शब्द पुरवून राहिली होती. मी तिच्याकडं पाहिलं, तिच्याच तोंडापुढं जाऊन पुन्हा म्हटलं हुचुक, तं हासू दुप्पट झालं.

बायकोनं लुगडं तीनदा धुतलं, काठावरची काजळी गेलीच नाई. मी नेऊन दिलं तं बुधामाय घडी घालत म्हने, मले वाटलं तू विसरला. बस, इतकंच. शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं.

अन् तरी पुढच्या साली दुसऱ्या गावी तेच सोंग काढलं मी, लोकायनं मांगून घेतलं म्हनून. सुटलं ते असं का एक दिवस लाखांदूरच्या एसटीत टोल्यावरची एक बाई कडेवर लेकरू घेऊन चढली, अन् मांगून पोट्टे वरडले, हुचुक हुचुक. लेकरू हासलं, त्याले काय समजते. ती बाई दाराजवळच उभी राहिली, जागा होती तरी. अन् मी मान खाली घालून बसलो.

तुमी विचारलं, मनात द्वेष होता का समज नव्हती. लोकं म्हनतात, जाऊ दे कवडूभाऊ, तवा कोनाले समजत होतं. हासनारे कधी टोल्यावर गेले नाई, त्यायचं मी म्हनू शकतो का समज नव्हती. पन मी? मी तं तिच्या घरचा भात खाऊन वाढलो. द्वेष नव्हता, लेकराची शपथ घेतो. पन मनात कुठंतरी हेही होतंच का टोल्यावरचे लोकं आहेत, ते काय बोलतीन, त्यायचं काय चालते. पाटलीनीचं सोंग मी असं काढलं असतं का? नाई काढलं असतं. आता याले काय नाव द्याचं ते तुमीच द्या.

बुधामाय आहे अजून. दिसत नाई तिले धड. मी जात राहतो, कधी नवे तांदूळ घेऊन, कधी असाच. पायाचा आवाज आला का म्हने, बस बापू, पानी घे. माह्याशी आता ती मराठीतच बोलते, पानीच म्हनते. अन् तो शब्द माह्या जिभेवर येते, रोज येते, पन म्हनाची हिंमत होत नाई, माह्या तोंडून तिले तोही सोंगच वाटन. ती लोटा पुढं करते. मी दोन्ही हातानं घेतो अन् पेतो.