गळ, दोरा आणि आमच्या सासूबाई

...आणि वर तो दुकानदार ट्रुएट मला म्हणतो कसा, "लायमन, ही काठी हातात धरलीस ना, की तळाशी खडा हलला तरी तुला कळेल." अहो, पण मला कळायला नकोय! तळाशी काय हलतंय ते मला आयुष्यात कधी कळायला नकोय, म्हणून तर मी चष्म्याच्या दुकानात नोकरी करतो. तलावाच्या काठावरच्या गावात जन्मलो, तिथंच वाढलो, आणि एवढ्या वर्षांत पाण्यात पाऊल... म्हणजे घातलंय, घोट्यापर्यंत, लग्नाच्या फोटोसाठी. पोहता येत नाही. शिडीवर चढत नाही. घरात मधमाशी आली तर मी घराबाहेर जातो, म्हटलं तिचं होऊ दे आधी. भित्रा म्हणा हवं तर. पण तुम्हाला सांगतो, त्या दिवशी ट्रुएटच्या दुकानात गळाची काठी घेताना मी जो घाबरलो...

थांबा, आधी सासूबाई सांगायला हव्यात, त्यांच्याशिवाय त्या भीतीला बूडच नाही.

सासूबाईंचं नाव आर्डिथ. उंचीने माझ्या खांद्याला लागतात, पण मी त्यांच्याकडे कायम मान वर करून बघतोय असं मला वाटत राहतं. आमच्या कॉपर फोर्क तलावावर दर जूनमध्ये जोडीजोडीने बास मासे पकडायची स्पर्धा असते, आणि सासूबाई नि सासरे हॉलिस, लग्न झाल्यापासून एक वर्ष चुकलं नाही, दोघं त्या बोटीत. कधी जिंकले, कधी हरले, बोलायचे दोन्ही वेळी सारखंच, म्हणजे अजिबात नाही. हॉलिस गेल्या जानेवारीत गेले. छातीत दुखून. सासूबाईंनी त्यांच्या सगळ्या काठ्या आठवड्याभरात चर्चच्या विक्रीला देऊन टाकल्या, बोट तेवढी ठेवली, आणि त्या विषयावर कुणाशी चकार शब्द नाही. रडल्या नाहीत. निदान आमच्यासमोर तरी नाहीत. माझी बायको कोरीन रात्रंदिवस काळजी करायची, की आई अशी गप्प का, एकदा मोकळी होऊन रडली असती तर बरं झालं असतं.

आणि मे महिन्यात एका रविवारी, सगळे जेवायला बसलेलो, माझ्या तोंडात कोंबडीची तंगडी, आणि सासूबाई मक्याच्या पावाला लोणी लावता लावता म्हणाल्या, "यंदा माझ्याबरोबर लायमन येईल."

माझे दोन मेहुणे आहेत, दोघेही बोटीतच लहानाचे मोठे झालेले, दोघांनी एकदम माझ्याकडे बघितलं. मीही माझ्याकडे बघितलं असतं, जमलं असतं तर. मी म्हणायचा प्रयत्न केला, की आई, मला पोहता... त्या म्हणाल्या, "मासे पकडायचेत जावईबापू, मासा व्हायचं नाहीये. काठी तेवढी स्वतःची आण." आणि पाव खायला लागल्या. विषय संपला. आता नाही कसं म्हणणार? नवरा गेल्यावर पहिल्यांदा बाईने काहीतरी मागितलं होतं. टेबलाखालून कोरीनने माझा गुडघा एवढा दाबला, की दुसऱ्या दिवशी तिथं निळं पडलं होतं.

तर अशा गुडघ्याने मी ट्रुएटच्या दुकानात. आता मला वाटलं होतं, काठी म्हणजे काठी. ट्रुएट म्हणाला, "मऊ हवी, मध्यम हवी, की कडक?" मी म्हटलं, मध्यम. मी सगळ्यातच मध्यम सांगतो, त्यात वाद होत नाही. तर म्हणे, "टोकाशी वाकणारी, की निम्म्यातून वाकणारी?" मी म्हटलं, न मोडणारी. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी उलटा चष्मा घातलेल्या गिऱ्हाइकाकडे बघतो. मग म्हणाला, साडेसहा फुटांची घेतलीस तर हाताळायला सोपी, सात फुटांची घेतलीस तर आमिष लांब जाईल. मी मनात म्हटलं, आमिष लांब गेलं म्हणजे मासा लांब, म्हणजे सातच बरी. हे कुणी सांगितलंय का कधी, की मासा जितका लांब धरावा तितकाच जवळ ओढावा लागतो? नाही सांगितलं.

मग कार्बनची की फायबरची. कार्बनची हलकी, सगळं हाताला कळतं, तोच तो तळाचा खडा. फायबरची जड, जरा बधिर. मी म्हटलं, मला बधिर चालेल. ट्रुएट म्हणाला, "कुणाच्या बोटीत बसणार आहेस?" मी नाव सांगितलं. त्याने फायबरची काठी गुपचूप परत टांगली. म्हणाला, "आर्डिथच्या बोटीत मासा लागलेला कळला नाही, तर तुला ती पाण्यात उतरवेल." गंमत करत होता. करत असावा. भित्रा म्हणा हवं तर, मी कार्बनची घेतली.

रीळ. रिळात तर मोठं रीळ, छोटं रीळ, भराभर गुंडाळणारं, सावकाश गुंडाळणारं... आणि त्याला एक कळ असते, मासा फार जोरात ओढायला लागला की ती दोरा आपोआप सोडते. हे मला फार आवडलं. मी म्हटलं, ही कळ पूर्ण ढिली ठेवता येते का? म्हणजे मासा जाऊ दे की, त्यालाही घर असेल. ट्रुएटने मधलं रीळ काढून काउंटरवर ठेवलं.

आणि मग दोरा. अहो, साधा नायलॉनचा तंगूस मी लहानपणी पतंगाला बांधलाय, तेवढंच माझं ज्ञान. ट्रुएट सांगायला लागला, की तंगूस स्वस्त पण ताणला जातो, विणलेला दोरा केसासारखा बारीक पण जबरदस्त ताकदीचा, फक्त माशाला दिसतो, म्हणून त्याच्या टोकाला पाण्यात न दिसणाऱ्या दोऱ्याचा हातभर तुकडा जोडायचा. मी विचारलं, तुटला तर? म्हणाला, "हा तुटत नाही." आता तुम्हीच सांगा, यात धीर येण्यासारखं काय आहे? तुटला तर सासूबाई माझ्याकडे बघणार. नाही तुटला, तर एका टोकाला मासा, दुसऱ्या टोकाला मी, आणि आमच्या दोघांत पोहता कुणाला येतं? त्यालाच!

तरी घेतला. विणलेलाच घेतला. पाण्याची भीती मोठी खरी, पण सासूबाईंच्या नजरेची तिच्याहून मोठी.

स्पर्धेच्या दिवशी मी जीवरक्षक जाकीट घरूनच घालून निघालो, गाडीचा पट्टा त्याच्यावरून लावला. सासूबाईंनी माझी काठी हातात घेतली, टोक हलवलं, रिळाची कळ बघितली, दोरा दोन बोटांत धरून ओढला. "बरी आहे," म्हणाल्या. एवढंच. पण मेहुणा नंतर म्हणाला, की हॉलिसना 'बरी आहे' ऐकायला कितीतरी वर्षं लागली होती.

आणि तुम्हाला खोटं वाटेल, मला मासा लागला. मी रबरी गांडूळ टाकून, देवाचं नाव घेत, कुणी येऊ नये अशी प्रार्थना करत बसलो होतो, आणि काठीत टक्क झालं. हाताला कळलं हो, ट्रुएट म्हणाला तसंच. मग काठी वाकली, रीळ किर्र ओरडायला लागलं, मी त्याच्याहून जोरात, आणि सासूबाई शांतपणे, "टोक वर. ओढू नकोस. दमू दे त्याला." तो दमला. मी त्याच्या आधीच दमलो होतो, पण आला बोटीत. हिरवागार, हा एवढा जबडा. सासूबाई किंचित हसल्या. जानेवारीनंतर पहिल्यांदा. मला वाटलं, चला, सुटलो, आता घरी.

कुठलं घरी! पाच मासे मोजायला न्यायचे असतात, बोटीतल्या पाण्याच्या हौदात चार होते. दुपार कलायला आलेली. आणि धरणापलीकडे आभाळ असं काळं व्हायला लागलं, की त्यात मधेच एक हिरवट झाक. मी म्हटलं, आई, परत फिरू या. त्या म्हणाल्या, अजून जरा. त्या सुळक्यापाशी, वाळलेल्या पाइनखाली, हॉलिसना शेवटचा मासा नेहमी तिथंच मिळायचा. त्या सुळक्याकडे अशा बघत होत्या, की माशाचं कारण नुसतं सांगायला आहे, हे मलासुद्धा कळलं. म्हणून मी जाकिटाचा पट्टा आणखी आवळला. लांब कुठंतरी गडगडलं. मी परत म्हटलं. त्या म्हणाल्या, "हॉलिस कधी पावसाला घाबरला नाही." बोट त्यांनी सुळक्याखाली आणून थांबवली. मी गळ टाकला.

आणि दोरा खाली पडला नाही.

काय सांगतोय ते नीट ऐका. गळ पाण्यात गेला, पण दोरा... दोरा हवेतच. पाण्याच्या वर, कोळ्याच्या धाग्यासारखा, कमान करून, तरंगत. वारा नव्हता. पान हलत नव्हतं. माझ्या दंडावरचे केस उभे राहिले, आणि काठी गुणगुणायला लागली. म्हणजे भुंगा बाटलीत कोंडल्यासारखा आवाज, तळहातातून कोपरापर्यंत. मी आयुष्यात हजार गोष्टींना घाबरलोय, त्यातल्या बहुतेक नव्हत्याच. पण ही होती. हे मला एका क्षणात कळलं, जसं आईला गर्दीत आपलं मूल रडलेलं कळतं तसं. आपण आत्ता मरणार.

मी काठी बोटीत टाकली आणि म्हणालो, "आई, काठी खाली ठेवा. आत्ता."

आवाज माझा नव्हता. त्या बाईला असं आजवर कुणी बोललं नसेल, हॉलिससुद्धा. त्यांनी वळून माझं तोंड बघितलं, आणि काठी खाली ठेवली. मग बसल्या आणि इंजिन असं सोडलं, की मी बोटीच्या तळाशी आडवा. जवळच काठाला कुणाचं तरी बोटघर होतं, त्याच्यात घुसलो, आणि मागे वीज पडली, सगळं पांढरं झालं. आवाज नंतर आला. बघतो तर तो सुळक्यावरचा पाइन वरपासून खालपर्यंत उभा चिरलेला, धूर निघतोय, आणि आम्ही जिथं उभे होतो त्या पाण्यात सालपटं पडतायत.

पत्र्यावर पाऊस कोसळत होता. मी थरथरत होतो, त्यात नवीन काही नाही. पण सासूबाईही थरथरत होत्या. मग त्या बोलायला लागल्या. हॉलिस गेले त्या दिवशी सकाळी ते म्हणाले होते, छातीत जरा दुखतंय. त्या म्हणाल्या होत्या, डॉक्टरकडे जाऊ. तर ते हसले, नाश्त्याच्या सॉसेजचं आहे म्हणाले, आणि लाकडं फोडायला गेले.

"आणि मीही हसले, लायमन," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात कुणाला घाबरताच येत नाही. पोरं तसलीच. म्हणून तुला घेतलं. म्हटलं, बोटीत एक तरी माणूस वेळेवर घाबरणारा पाहिजे."

आणि रडल्या. मी जाकिटासकट त्यांना जवळ घेतलं, त्यामुळे नीट जमलं नाही, पण घेतलं.

पाऊस थांबेपर्यंत मोजणीची वेळ टळून गेली, आमचे मासे बाद. सासूबाईंनी ते सोडून दिले, माझाही सोडला, मला जरा वाईट वाटलं. किनाऱ्यावर सगळे जमलेले, मेहुणे चिडवायला तयार. सासूबाईंनी सगळ्यांसमोर, बायकामुलं, पाद्री, ट्रुएट, झाडून सगळ्यांसमोर सांगितलं, की हा माणूस घाबरला म्हणून मी उभी आहे. मेहुण्यांनी टोप्या काढल्या. कोरीन रडली. मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा भित्रेपणाचं चीज झालं. आता कुणी काही म्हणणार नाही, आता मी निवांत घरी.

पण त्या किनाऱ्यावर गावातल्या सगळ्या मच्छीमारांच्या बायका उभ्या होत्या हो! सगळ्यांनी नीट ऐकलं. सोमवारी दुकानात पहिली आली, चष्मा बघायच्या निमित्ताने. म्हणाली, "आमचे हे ढग आले तरी परत येत नाहीत. येत्या शनिवारी बसाल का जरा त्यांच्या बोटीत? काही करायचं नाही, नुसतं घाबरायचं." मग दुसरी. मग पाद्र्याची बायको, तिला नाही म्हणता येतं का? आता कोरीनने फोनजवळ कॅलेंडर टांगलंय, ऑक्टोबरपर्यंत माझा एक शनिवार मोकळा नाही.

भित्रा म्हणा हवं तर... पण हळू म्हणा हो, कुणाच्या बायकोने ऐकलं तर रविवारही जाईल.