कान तुटलेला कप

आटपाट क्लोनडॉकिन होतं, दूर परदेशातलं. तिथं मी, माझा लेक सुभाष आणि सून नीता भाड्यानं राहत होतो. मालकानं घर सोडायला सांगितलेलं आणि दुसरं मिळेना.

शेजारी भाड्यानं राहणाऱ्या टिनीको नावाच्या बाईकडं एक म्हातारा रोज अंगण झाडायचा. मला वाटलं, कामाचा गडी. गावाकडच्या सवयीनं गुरुवारी त्याला कान तुटलेल्या कपात चहा दिला. त्यानं कप धुऊन दोन्ही हातांनी परत केला.

रविवारी सुटाबुटातली माणसं येऊन त्याच्यापुढं गुडघे टेकून टाळ्या वाजवायला लागली.

"नीता, हे काय गं?"

"आई, मान द्यायची त्यांची रीत आहे ती. ते टिनीकोचे वडील. आफ्रिकेत त्यांची त्सोंगा भाषा बोलणाऱ्यांची वस्ती आहे, तिचे पिढीजात प्रमुख. कुणी कुठं घर बांधायचं, तेच ठरवतात."

"अगं बाई! आणि मी तुटका कप दिला!"

तेव्हाच नवी कपबशी घेऊन गेले, पण मान वर होईना. माफी नीतानंच इंग्रजीत मागितली. ते हसले.

"टिनीको दुसऱ्या शहरात, लिमरिकला राहायला चाललीय. तुम्ही घर शोधताय असं कळलं, म्हणून हे घर तुम्हाला द्या, असं मी इथल्या मालकाला परवाच सांगितलंय."

परवाच, बायांनो! म्हणजे त्या चहानंतर.

आता त्याच घरात राहतो. तुटका कप टाकला नाही. त्यातून मीच चहा पिते.