रॉकचं गाणं थांबवायचं कुणी?

अरे, आमच्या रॉक बँडचं तुम्हाला कधी सांगितलंच नाही? नव्वदच्या आसपासची गोष्ट, अंबरनाथची. माझ्याकडे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या रॉकची एक कॅसेट होती, तेवढ्यावर आम्ही तिघं पेटलो. गिटारवर मी, कीबोर्डवर बदलापूरच्या भजनी मंडळातला सुरेश, आणि ड्रमवर मोरिवलीचा भास्कर. त्याचं आख्खं आयुष्य वरातीत वाजवण्यात गेलेलं.

प्रॅक्टिसला आईचा चहा आला की आम्ही थांबायचो. त्यामुळे गाणं संपवायचं कसं, हे कधी ठरलंच नाही.

पहिला प्रोग्रॅम गणपतीच्या मांडवात. पंधरा मिनिटं झाली तरी गाणं चालूच! मी एकट्याने थांबून बघितलं, तर हे दोघं आणखी जोरात.

"सुरेश, संपव ना!"

डोळे न उघडता म्हणतो, "आरती आली की संपवतो."

मला काही कळेना. एवढ्यात प्रमुख पाहुणे आले. मंडळाने गेटवरच त्यांना फेटा बांधला, हार घातला. त्यांनी मांडवात पाऊल टाकलं आणि भास्कर खाडकन थांबला.

"आता कसा रे थांबलास?"

मीच वेडा असल्यासारखा तो माझ्याकडे बघायला लागला. "म्हणजे काय? नवरा मांडवात आला ना!"