हात शाहीन मॅडमचा, आवाज अमरसिंह सरांचा

या निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय तानाजीराव, व्यासपीठावर बसलेली सन्माननीय मंडळी, आज ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या शाहीन मॅडम, त्यांचे यजमान अल्ताफभाई, केंद्रातले माझे शिक्षक बंधू-भगिनी, आणि कामधंदा सोडून आलेले गावकरी, आपणां सर्वांना केंद्रप्रमुख शहादेव याचा नमस्कार.

सूत्रसंचालकांनी मला चार गोड शब्द बोलायला सांगितले आहेत. गोड शब्द माझ्या आधीच्या वक्त्यांनी संपवले. ‘मॅडम म्हणजे चंदनाचं खोड’ हे तीन वेळा झालं. मॅडम नेमकं काय करत होत्या, हे मात्र कुणी सांगितलं नाही. कसं सांगणार? माहीत असायला वर्गात जावं लागतं. आपण तर ग्रुपवर जातो.

रागावू नका. आपल्या शाळांत पहिला तास कशाचा असतो, सांगा? फोटोचा! पोरं ओळीत, हातात पुस्तकं, एखाद्याचं उलटं. ‘वाचन उपक्रम’ म्हणून फोटो ग्रुपवर पडला की पुस्तकं परत कपाटात, आणि कपाटाला कुलूप. मग खाली चाळीस अंगठे, वीस फुलं, ‘अभिनंदन सर’, ‘ग्रेट वर्क सर’. आणि या तमाशाचा सूत्रधार कोण होता? मीच. रोज पाच फोटो टाकले नाहीत तर खुलासा मागवण्याचा नियम माझा.

त्या नियमाने मी शाहीन मॅडमना नोटीस काढली होती. वाचन सप्ताहात त्यांचा एकही फोटो नव्हता. त्यांनी एका ओळीत उत्तर दिलं, ‘फोन शिकवण्यात गुंतला होता, फोटो काढायला मोकळा नव्हता.’ मला ते उद्धट वाटलं. मी त्यावर लाल शाईने ‘असमाधानकारक’ असा शेरा मारला.

तो फोन कशात गुंतला होता, ते ऐका.

चौथीच्या वर्गात रोहिणी नावाची मुलगी होती. तिचे वडील नाथा मेंढपाळ. दिवाळी झाली की सगळं बिऱ्हाड मेंढरांमागे उमापूरच्या बाजूला, पुढे गोदाकाठाला. मॅडम त्यांच्या पालावर गेल्या, पोरीला मागे ठेवा म्हणाल्या. नाथा म्हणाला, “बाई, ठिवू कुणाकडं? आमी लई लांब जातो. मेंढरं काय शाळंसाठी थांबत न्हाईत.”

“फोन आहे ना तुमच्याकडे?”

“हाय की. काच फुटल्याली हाय.”

“फुटलेली चालेल. संध्याकाळी पोरीच्या हातात द्यायचा.”

एवढंच ठरलं. अल्ताफभाईंनी गॅरेजातल्या लोखंडी पट्टीचं स्टँड वाकवून दिलं. मॅडम शाळेतून आल्यावर स्वयंपाकघरात ते ओट्यावर ठेवायच्या आणि दोन मिनिटांचा व्हिडिओ करायच्या. दिसायचे फक्त हात. भाकरीचे पाच भाग केले, तीन खाल्ले, तर किती? रोहिणी ओरडून उत्तर पाठवायची, मागे मेंढरं ओरडायची. बरोबर आलं की दुसऱ्या दिवशी पुढचा धडा. चुकलं की तोच धडा, दुसऱ्या तऱ्हेने. असे एकवीस व्हिडिओ झाले. दुसऱ्या कुणाची पोरं भटकत असतील तर कामी येतील, म्हणून मॅडमनी ते शिक्षकांच्या ग्रुपवरही टाकले.

ते फक्त एकाच माणसाने नीट पाहिले. आपले अमरसिंह सर.

सर, उठू नका. आज आपण पाहुणे आहात.

सरांनी व्हिडिओ उतरवून घेतले, मॅडमचा आवाज काढला, आपला घातला. सुरुवातीला तुतारी, मग गॉगल लावलेला फोटो, मग ‘गणिताचे जादूगार अमरसिंह सर’. सगळे आपल्या चॅनलवर. पाहणारे चाळीस हजारांवर गेले. एका मंचाने ‘तंत्रस्नेही शिक्षक’ पुरस्कार जाहीर केला. निवड समितीत मी होतो. मी व्हिडिओ पाहिले का? मी पाहणाऱ्यांचा आकडा पाहिला आणि सही केली.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत तो सोहळा झाला. पडद्यावर व्हिडिओ लागला. सरांचा भारदस्त आवाज भाकरीचे भाग सांगतोय, आणि भाग करणाऱ्या हातात हिरव्या बांगड्या! सभागृहात दोनशे शिक्षक. एक हसला नाही, एक उठला नाही. बांगड्या मलाही दिसल्या. कुणाच्या, तेही कळलं. शाहीन मॅडम तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. तरी मी उठलो आणि याच हातांनी सरांना शाल घातली. समारंभ बिघडू नये म्हणून! केवढी ही आमची सभ्यता!

चहाच्या वेळी मॅडम माझ्याकडे आल्या. मला वाटलं, आता रडतील, भांडतील. त्या म्हणाल्या, “सर, शाल त्यांना लखलाभ. पण आठव्या व्हिडिओत माझी चूक झाली होती. तीन छेद पाच लिहायचं, ते मी घाईत पाच छेद तीन लिहिलं. दुसऱ्या दिवशी मी रोहिणीला सांगितलं, ग्रुपवरही कळवलं. यांनी चुकीसकट उचललाय. एवढी पोरं बघतायत. तेवढा एक काढायला सांगा.”

मी म्हणालो, “बघतो.” आणि बघितलं नाही.

जूनमध्ये मेंढरं परतली. रोहिणी शाळेत आली. मी तपासणीला गेलो होतो. शंका होतीच, सात महिने पोरगी रानात, हिला काय येणार? फळ्यावर अपूर्णांक घातले. तिने सगळे सोडवले. मग मला काय सुचलं कोण जाणे, माझ्या फोनवर सरांचा तो आठवा व्हिडिओ लावून तिच्यापुढे धरला. ती बघत राहिली. म्हणाली, “हात तर आमच्या बाईचा हाय. ह्यो मानूस कावून बोलतोय?” आणि पडद्यावरच्या आकड्यावर बोट ठेवून, “आन् हे चुकलंय. बाईनं दुसऱ्या दिशी सांगितलं व्हतं.”

चौथीतून पाचवीत गेलेल्या पोरीला जी चूक दिसली, ती गणिताच्या जादूगाराला दिसली नाही, निवड समितीला दिसली नाही, टाळ्या वाजवणाऱ्या दोनशे गुरुजनांना दिसली नाही. त्या दिवशी मी शाळेचा चहासुद्धा न घेता निघालो. लाज वाटली. पण लाज वाटून मी केलं काय? गप्प बसलो. जवळजवळ आणखी एक वर्ष.

आज सकाळी मी त्या मंचाला पत्र दिलंय. माझी शिफारस मागे घेतली, व्हिडिओ कुणाचे ते लिहिलं, आणि मी न पाहता सही केली तेही लिहिलं. नोटिशीवरचा शेरा खोडून मॅडमच्या सेवापुस्तिकेसाठी नवा अभिप्राय दिला. इथे येण्याआधी मॅडमना हे सांगितलं. वाटलं, बरं केलंत म्हणतील. त्यांनी विचारलं, “आणि आठवा व्हिडिओ?”

तो आजही तिथेच आहे. म्हणून अमरसिंह सर, आपल्याला एक विनंती. फोन आपल्या हातातच आहे. तो व्हिडिओ आत्ता काढा. आम्ही थांबतो. अध्यक्ष महोदय, घड्याळ पाहू नका, पाच मिनिटं माझ्या वेळेतली धरा.

…

नेटवर्क आहे, सर. मी तपासून आलोय.

…

निघाला? जरा मॅडमना दाखवा. मला नको, मी यापूर्वी न पाहता सही केलेला माणूस आहे.

मॅडमनी मान हलवली. झालं.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, अध्यक्षांनी मला मध्येच बसवलं नाही, त्याबद्दल मी ऋणी आहे. निरोपाच्या प्रसंगी बोलण्यात कडवटपणा आला, कुणाचा मान राखायचा राहिला, तर तेवढं पोटात घाला. मात्र त्या फेब्रुवारीत मी गप्प बसलो, त्याची माफी मी आपल्याकडे मागत नाही. ती शाहीन मॅडमकडे मागायची आहे, आणि त्या देतील तेव्हाच घ्यायची आहे. नमस्कार.