सात बटणांचा शर्ट

बाबांच्या मृत्यूचा दाखला घ्यायला मी इस्पितळाच्या खिडकीपाशी रांगेत होते. मागे रिपोर्ट न्यायला आलेले एक काका आणि त्यांचे कपडे शिवणाऱ्या ताई.

“हृदय माझं बंद पडलं, ताई. शर्टाने काय पाप केलं होतं?”

“तुम्ही माझ्या दुकानात आडवे. भिंतीवरचं हृदयाला शॉक द्यायचं मशीन उघडलं, तर ते बोलून सांगतंय, छाती उघडी करा.”

“बटणं होती की.”

“सात. काजं मीच घट्ट केलेली. कात्री हातातच होती.”

“पहिल्यांदाच घातला होता हो.”

“म्हणून तर शिवणीवरून कापला. सवयीचा हात. ते मशीन वापरायला शिकवणारे आमचे सर चिडले, सरळ मधोमध कापायचा म्हणाले.”

“म्हणजे पुन्हा शिवता येईल?”

“आला असता. पण तुमची लेक घेऊन गेली. म्हणाली, असाच राहू दे.”

“मला नाही बोलली.”

“शुद्धीवर आल्यापासून तुम्ही शर्टाचंच धरून बसलाय. ती बोलणार कधी?”

“कापलेला शर्ट ठेवून करणार काय?”

“ते तिला विचारा. इस्त्रीसुद्धा करून घेतली माझ्याकडून.”

दोघंही हसत सुटले.

खिडकीतून माझा नंबर पुकारला. मी त्यांना म्हटलं, “तुम्ही व्हा पुढे. घरी वाट बघत असतील.”