लिटरला सहा

...नाही नाही, बॉनेटला टेकू नका ताई, तापलंय, आत्ताच शिवडीवरून आलोय. तो डबा उलटा करा आणि बसा. हां. आणा तो कागद. चष्मा कुठे गेला — हा, कपाळावरच आहे. 'मी, गुणाजी, गेली तेवीस वर्षे मंडळाच्या बाप्पाची ट्रॉली माझ्या ट्रकने ओढत आहे. गेल्या वर्षी आगमनाच्या दिवशी ट्रक पूर्णपणे सुस्थितीत असूनही पुलाच्या चढावर आपोआप थांबला, आणि भक्तांनी दोराला हात लावताच मूर्ती फुलासारखी पुढे सरकली.' वा! सेक्रेटरी झालात ते उगाच नाही, मराठी छान आहे हो तुमची. फुलासारखी! अहो, मूर्ती, ट्रॉली, लोखंडी सांगाडा, जनरेटर आणि वर सेल्फी काढायला चढलेले चाळीस कार्यकर्ते — सात टनाचं फूल. दोर लावायच्या वेळी ते चाळीस खाली उतरले, ते नाही लिहिलंत? बरं, राहू दे. अहवालात सगळंच छापायचं नसतं.

सुस्थितीत होता का, विचारताय? होता की! सुस्थितीतच होता. पण बंद पडायला गाडी बिघडलेलीच असावी लागते असं थोडंच आहे? तुम्ही इंजिनिअर ना? नाही? कॉमर्स? असू दे, कॉमर्सवाल्यालाही कळेल. जुन्या डिझेल गाडीकडे दोन गोष्टी एकदम मागायच्या नाहीत. ओढायला पाहिजे — तर तिला डिझेल पाज. डिझेल वाचवायचंय — तर तिच्यामागे ओझं बांधू नकोस. नवीन गाड्यांत कॉम्प्युटर ठरवतो, माझ्या गाडीत हा एक स्क्रू ठरवतो. या, वाका जरा, साडी सांभाळा. डिझेलचा पंप आहे ना, त्याच्या मागे. पांढरा ठिपका दिसतो? ती बारा महिन्यांची खूण. आणि हा लाल — हा बाप्पाचा. बाबांनी लावलेला. गोकुळाष्टमीला गाडीपुढे नारळ फोडायचा आणि स्क्रू लालवर आणायचा, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी परत पांढऱ्यावर. गाडी तेव्हा त्यांची, मिलचा माल टाकून आले तरी चहाच्या आधी हे. लालवर असली की गाडी डिझेल ढोसते, काळा धूर ओकते, पण मागे डोंगर बांधा, कुरकुर नाही. आणि तुमचे खजिनदार दरवर्षी मला विचारणार — गुणाजी, ॲव्हरेज किती देते? अहो, परळच्या मूर्तीच्या कारखान्यातून मंडपापर्यंत दीड किलोमीटर आणि लागतात नऊ तास! त्याचं ॲव्हरेज लिटरमध्ये नाही, वडापावमध्ये काढायचं.

मग गेल्या वर्षी लालवर होता ना? — म्हणजे — आता कसं आहे, अध्यक्षच म्हणाले होते. हर्षवर्धन साहेब. देखावा पर्यावरणाचा, वरून ड्रोन फिरणार, तर फ्रेममध्ये धूर नको. बाप्पाच्या मागे हिरवी झाडं दिसली पाहिजेत, ती थर्माकोलची असली तरी चालतील. मग मी काय करणार? अध्यक्षांचा शब्द — नाही, लिहू नका ते. खोटं कशाला बोलू तुमच्याशी, मुलीच्या वयाच्या आहात. धुराचं ते दरवर्षी सांगतात. दरवर्षी मी 'हो साहेब' म्हणतो आणि लालवरच आणतो.

आमचे जावई आहेत, शंतनुराव. प्रभादेवीला टॉवरमध्ये, अठ्ठाविसाव्या मजल्यावर. माणूस सोन्यासारखा, पण ताटावर बसले की विचारणार — 'बाबा, ट्रक किती देतो?' मी म्हणायचो साडेचार, आणि ते हसायचे. मोठ्याने नाही हो, नाकातल्या नाकात. त्यांची गाडी बावीस देते. आता बावीस देते ती काय ओढते? एक लॅपटॉप आणि एक कुत्रा. पण ते हसू मला लागायचं, ताई. मग गेल्या वर्षी आमचा मेकॅनिक रूपेश, त्याला म्हटलं, स्क्रू पांढऱ्याच्याही खाली घे, होईल ते होईल. तो म्हणाला, काका, जीव राहणार नाही गाडीत. म्हटलं, घे. कापडाचे गठ्ठे घेऊन सुरतेला गेलो, सरळ सपाट रस्ता, टाकी फुल करून गेलो, फुल करून आलो — लिटरला सहा! ह्या गाडीने! पंपावरच्या माणसाला मिठी मारायची तेवढी बाकी ठेवली. आता हा आकडा गणपतीत जावई जेवायला येईपर्यंत टिकवायचा होता. मधे आलं आगमन. गोकुळाष्टमीला नारळ फोडला, बाबांच्या फोटोला हात जोडले, आणि स्क्रूला हात नाही लावला. म्हटलं, दीड किलोमीटर तर आहे, जाईल की.

पुलापर्यंत गेलीही. चढावर गर्दीने थांबवलं, फुलं उधळायला. परत उचलायला गेलो — एकदा मेली, दोनदा मेली. आणि सगळं धूड आम्हाला घेऊन मागे सरकलं. वीतभर. जास्त नाही, वीतभरच. ट्रॉलीच्या चाकाखाली ठोकळा लावायचं काम आमच्या मनूचं, एकाच चाळीतले आम्ही, पाळण्यापासूनचे. हाताने लावायला वेळ नव्हता, त्याने पायाने सारला. मूर्ती थांबली. त्याची दोन बोटं गेली. इकडे मी खाली उतरून 'स्क्रू राहिला' म्हणून ओरडणार, तेवढ्यात कोणीतरी माईकवर म्हणालं, 'बाप्पाला यंत्र नको, भक्तांचे हात हवेत!' झालं. बायका रडायला लागल्या, दोर आले, व्हिडिओ निघाले. त्या गोंधळात माझं कोण ऐकणार? आणि खरं सांगू? मला बरंच वाटलं. आणि जावई चतुर्थीला आले, पहिल्या घासालाच मी आकडा सांगितला, तर काय म्हणाले? 'सहा? फक्त?'

म्हणून म्हणतो ताई, हा कागद फाडा. यंदा पंचवीस फुटांचा आणताय आणि पूर्ण रस्ता दोरांवर — ट्रक नाही, का तर चमत्कार झाला! चढावर दोर निसटला तर ठोकळा घेऊन खाली कोण बसणार? मनूच. तुम्ही अध्यक्षांना स्पष्ट सांगा, गुणाजीचा स्क्रू होता, बाप्पाचा काही संबंध नाही. हवं तर मला काढा, दुसऱ्याचा ट्रक लावा, पण ट्रक लावा. मी लिहून देतो ना, आणा पेन. मागच्या बाजूला लिहितो. 'मी गुणाजी, देवाशपथ...'

...ये रे, ये मनू. काही नाही, ह्या आपल्या नवीन सेक्रेटरी. हो, त्याच अहवालासाठी. सांगितलं रे, सगळं सांगितलं. पायाचं? नाही, ते तूच सांग — अरे, चप्पल कशाला काढतोस, त्यांना लगेच — बघा ताई. बाप्पाने मागून घेतली म्हणतो. चाळीत येईल त्याला दाखवतो, बायका पायाला हात लावून जातात. मनू, ऐक. यंदा तू खाली बसू नकोस. का म्हणजे काय? असंच. वय झालं आता. अरे, हसतोस काय?

काय म्हणालास? अजून आठ आहेत?

...ताई, सही कुठे करायची म्हणालात? पुढच्या बाजूला? इथे? ही घ्या. मागे काही नाही, ते रेघोट्या मारून पेन बघत होतो, खोडलंय. निघा आता तुम्ही. मला गाडी धुवायची आहे.