शिंपीभाऊजींचा उजवा हात

आता मला सांगा, माझं काय चुकलं? मी आपलं चांगल्यासाठीच सांगितलं! शेजारीण म्हणून सांगायचं नाही, तर काय भिंतीला कान लावून नुसतं ऐकायचं? ...तेही करते म्हणा. तर तुम्हाला सांगते, आमच्या शेजारचे शिंपीभाऊजी, खिडकीची काच उजव्या हातावर कोपराखाली पडली, बोटं हलवणारी नस तुटली, डॉक्टरांनी शिवली. "टाका बरा घातलाय," म्हणून भाऊजी हसले सुद्धा! पण बोटांत जोर येईना, अंगठ्याजवळचं मांस झडत झडत खळगा पडला, कात्री धरली की गळून पडायची... इस्पितळातली डॉक्टरीणबाई म्हणाली, "नस मुंगीच्या पावलांनी वाढते, ती पोचेपर्यंत स्नायू वाळतो. आमचा एक प्रयोग चाललाय, पोटाच्या चरबीतून मूळ पेशी काढून हातात टोचायच्या. खात्री देत नाही, पण यायचं तर सहा महिन्यांच्या आत या."

वहिनी विचारायला कुणाकडे आल्या? माझ्याकडे! मी म्हटलं, "अहो, पोटाची चरबी हातात? उद्या हाताला ढेरी सुटली म्हणजे? शिवलीय ना नस? मग धीर धरा, मी तेल चोळून देते." भाऊजी म्हणाले, "ताई म्हणतात तर थांबू." थांबू! ज्या माणसाने जन्मात कुणी सांगितलेलं माप मानलं नाही, स्वतः टेप लावून बघणार, त्याने माझंच ऐकावं? मी आपलं चांगल्यासाठीच...

रोज चोळलं हो! माझेच हात मऊ झाले. सातव्या महिन्यात गेलो, तर बाई म्हणाली, "मावशी, मुदत गेली." मी विचारलं, "आधी आलो असतो तर?" म्हणाली, "सांगता येत नाही." ऐकलंत? सांगता येत नाही! हेच मी स्वतःला दिवसातून दहादा ऐकवते. पटत एकदाही नाही.

भाऊजी मात्र अवाक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर मी भांडले तरी असते!

आता दुपारची त्यांच्या दुकानात बसते. ते डाव्या हाताने वेड्यावाकड्या खडूरेघा मारतात, मी काठ दुमडते. परवा एक गिऱ्हाईक कंबर धरून आलं, मी लगेच, "अहो, चांगल्यासाठीच सांगते, तुम्ही..." भाऊजींनी टाचण्यांची डबी पुढे केली. काम करताना टाचण्या ओठांत धरायच्या, शिंप्यांची रीतच ती. धरल्या. आणि ओठांत टाचण्या असल्या की बोलता कुठलं येतंय?

दुखणं त्यांच्या हाताचं, आणि इलाज झाला माझ्या तोंडाचा!